'नाना' नावाचा शेरा आणि जवानाचे अपील

आजारपणामुळे लष्कराच्या नोकरीतून घरी पाठविण्यात आलेल्या जवानाच्या कागदपत्रांत पुष्कळदा एक लहानसे इंग्रजी वाक्य असते. सदरहू अपंगत्व सैनिकी सेवेमुळे उद्भवलेले नाही आणि सैनिकी सेवेमुळे वाढलेलेही नाही, एवढाच त्याचा अर्थ. आद्याक्षरे जुळवून या वाक्याचे 'नाना' असे लघुरूप लष्करी कचेऱ्यांत आणि न्यायालयीन कागदांत रूढ झाले आहे. मराठी घरात नाना म्हणजे ओसरीवर बसून आल्यागेल्याची विचारपूस करणारा वडीलधारा माणूस. लष्करी कारभारातील हा नाना मात्र कोणाचीच विचारपूस करीत नाही. त्याचा शेरा पडला की अपंगत्वाचे निवृत्तिवेतन बंद. नोकरी दहा वर्षांहून कमी झालेली असेल, तर जुन्या नियमांप्रमाणे मासिक निवृत्तिवेतनच नाही. एकरकमी उपदान घ्यायचे आणि गावची वाट धरायची. पंचविशी-तिशीतला, फेफरे येणारा किंवा मनाचा तोल गेलेला तरुण अशा रीतीने घरच्यांच्या हवाली केला जातो आणि त्या दिवसापासून त्याचा भार त्या घराने वाहावयाचा असतो. दहा वर्षांची ही अट सरकारने २०२० साली सैल केली खरी. पण ती सवलत ४ जानेवारी २०१९ रोजी वा त्यानंतर सेवेत असलेल्यांपुरती होती. त्याआधी बाहेर पडलेल्यांचा प्रश्न जागच्या जागीच राहिला.

वर्धा जिल्ह्याला हा प्रश्न परका नाही. सेवाग्रामचा आश्रम आणि पुलगावचे केंद्रीय दारूगोळा भांडार ही दोन्ही एकाच जिल्ह्यात नांदतात, हा इतिहासाचा एक चमत्कारिक योग म्हणावा लागेल. पुलगावचे भांडार देशातील सर्वांत मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एक आहे. त्याच्या पहाऱ्यावर डिफेन्स सिक्युरिटी कोअरचे जवान असतात. सैन्यातील पहिली नोकरी पुरी करून, एक निवृत्तिवेतन पदरात पडल्यावर, मुलांच्या शिक्षणासाठी अथवा घराच्या कर्जासाठी दुसऱ्यांदा गणवेश चढविलेल्या प्रौढ जवानांचा यांत मोठा भरणा असतो. तरुण वयात हिमालयात किंवा राजस्थानच्या वाळवंटात झिजविलेले शरीर घेऊन ही माणसे पुन्हा रात्रपाळीचा पहारा करतात. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार हे आजार याच वयात डोके वर काढतात आणि 'नाना'चा शेराही बहुधा याच आजारांवर पडतो.

३१ मे २०१६ च्या रात्री या भांडारात आग लागून स्फोट झाले. दोन लष्करी अधिकारी, भांडाराचे अग्निशामक कर्मचारी आणि पहाऱ्यावरचे जवान मिळून डझनाहून अधिक माणसे त्यात गेली, अनेक जखमी झाली. २० नोव्हेंबर २०१८ रोजी भांडाराजवळच्या मैदानावर जुना दारूगोळा निकामी करताना पुन्हा स्फोट झाला. त्यात सहा जण दगावले. त्यांपैकी बहुतेक कंत्राटी मजूर होते. या दोन घटनांकडे निवृत्तिवेतनाच्या दृष्टीने पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. एकाच कुंपणाच्या आतबाहेर काम करणाऱ्या या माणसांना तीन निरनिराळे कायदे लागू होतात. जवानाला सैन्याचे निवृत्तिवेतन नियम, अग्निशामक दलाच्या नागरी कर्मचाऱ्याला केंद्रीय सेवकांचे असाधारण निवृत्तिवेतन नियम आणि कंत्राटी मजुराला कर्मचारी भरपाईचा कायदा. धूर सर्वांच्या छातीत सारखाच जातो. दाद मागण्याचे दरवाजे मात्र वेगवेगळे. मजुराच्या दरवाजाची कहाणी याहून करुण आहे. ती स्वतंत्र लेखाचा विषय असल्याने येथे जवानापुरतेच बोलणे योग्य.

जवानाच्या बाबतीत कायदा काय सांगतो, हे पाहिल्यावर वाचकाला प्रथम समाधानच वाटेल. सैन्याच्या १९६१ च्या निवृत्तिवेतन विनियमांतील १७३ व्या कलमानुसार, सेवेमुळे उद्भवलेल्या किंवा सेवेमुळे वाढलेल्या अपंगत्वामुळे ज्याला सेवेतून कमी केले आणि ज्याचे अपंगत्व वीस टक्के अथवा अधिक ठरले, तो अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाला पात्र आहे. पण अपंगत्व सेवेमुळे उद्भवले की नाही, हे ठरवावयाचे कसे? त्यासाठी १९८२ साली पात्रतेचे नियम करण्यात आले. त्यांतील पाचवा नियम सांगतो की, भरतीच्या वेळी नोंद केलेली व्यंगे सोडली, तर जवान शरीराने व मनाने धडधाकट होता असे गृहीत धरावे आणि पुढे त्याची प्रकृती ढासळली, तर ती सेवेमुळे ढासळली असे मानावे. नववा नियम याहून स्पष्ट आहे. पात्रता सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर टाकू नये, वाजवी शंकेचा फायदा त्यालाच मिळावा आणि जो युद्धक्षेत्रात राहिला असेल त्याच्याबाबत आणखी उदार दृष्टी ठेवावी, असे त्यात म्हटले आहे. चौदाव्या नियमाने रोगांच्या बाबतीत हेच सूत्र पुढे नेले. भरतीच्या वेळी ज्या रोगाची नोंद नाही, तो सेवाकाळातच उद्भवला असे धरावे. भरतीच्या तपासणीत तो कळणे शक्यच नव्हते असे वैद्यकीय मंडळाला वाटत असेल, तर मंडळाने तशी कारणे द्यावीत.

या नियमांमागील न्यायबुद्धी निराळी समजावून सांगावयास हवी असे नाही. भरतीच्या दिवशी जवानाची छाती मोजणारे, डोळे तपासणारे, त्याला चालवून-पळवून पाहणारे डॉक्टर सरकारचे. पंधरा वर्षे त्याला कोठे ठेवावयाचे, किती उंचीवर, किती थंडीत, घरापासून किती लांब, हे ठरविणारेही सरकार. त्याच्या प्रकृतीचे सारे कागद सरकारच्या कपाटात. मग रोग कोठून आला याचा पुरावा जवानाकडे मागणे म्हणजे कुलपाची किल्ली आपल्या खिशात ठेवून दुसऱ्याला दार उघडावयास सांगण्यासारखेच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी धरमवीर सिंग यांच्या खटल्यात या नियमांची एकत्र उकल केली. सिग्नल कोअरमध्ये १९८५ साली भरती झालेल्या या जवानाला नऊ वर्षांनंतर फेफऱ्यामुळे घरी पाठविण्यात आले होते. अपंगत्व वीस टक्के, शेरा 'नाना'चाच. भरतीच्या वेळी या रोगाची नोंद नव्हती आणि मंडळाने कारणेही दिली नव्हती. तेव्हा रोग सेवेमुळे झाला असे धरलेच पाहिजे, असा निर्णय न्यायालयाने दिला. फेब्रुवारी २०१५ मध्ये राजबीर सिंग यांच्या खटल्यासोबतच्या अनेक अपिलांत तोच निर्णय पुन्हा उच्चारण्यात आला. एवढे झाल्यावर वाद मिटावयास हवा होता.

तो मिटला नाही. कायद्याने जो भार सरकारच्या खांद्यावर ठेवला, तो व्यवहारात हळूच उचलून जवानाच्या खांद्यावर ठेवण्यात येतो. वैद्यकीय मंडळाच्या छापील नमुन्यात कारणे लिहिण्यासाठी जागा असते आणि त्या जागेत बहुधा एका ओळीचे उत्तर असते. रोग 'पीस स्टेशन'वर, म्हणजे शांततेच्या ठिकाणी असताना सुरू झाला, सबब सेवेशी संबंध नाही. किंवा रोग उपजत प्रकृतीचा आहे. किंवा रोग राहणीमानामुळे झालेला आहे. यांपैकी पहिले उत्तर तर तर्कालाही धरून नाही. तीन वर्षे सीमेवर काढून जवान कामठीला किंवा पुण्याला येतो आणि सहा महिन्यांनी त्याच्या रक्तात साखर सापडते. साखर कामठीला सापडली म्हणून ती कामठीलाच उत्पन्न झाली, असे कोणता वैद्य म्हणेल? सुमारे तीस वर्षे नोकरी केलेल्या एका सुभेदाराच्या मधुमेहाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये हेच सांगितले. रोग शांततेच्या ठिकाणी सुरू झाला एवढे म्हणून भागत नाही. तो सेवेमुळे नव्हे तर अन्य कशामुळे झाला, हे मंडळाने दाखवून दिले पाहिजे. विशेष म्हणजे हे प्रकरण २००८ च्या सुधारित नियमांखालचे होते. त्या नियमांनी जवानाच्या बाजूची गृहीतके पुष्कळशी पातळ केली असली, तरी सर्वसाधारणपणे पुराव्याचा भार त्याच्यावर टाकलेला नाही. मात्र सेवा सोडल्यावर पंधरा वर्षांनी मागणी केली, तर तो भार त्याच्यावर येतो. ही पंधरा वर्षांची रेघ प्रत्येक माजी सैनिकाने लक्षात ठेवावी अशी आहे.

दुसरी बाजू नाहीच, असे मात्र नव्हे. ऑक्टोबर २०१९ मध्ये नरसिंग यादव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले की, प्रत्येक मानसिक रोग सेवेमुळेच झाला असे आपोआप धरता येणार नाही आणि तज्ज्ञांच्या मंडळाच्या मताला वजन दिलेच पाहिजे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालाने आणखी एका गोष्टीकडे बोट दाखविले. निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांत अपंगत्वाचा लाभ घेणाऱ्यांचे प्रमाण शिपाई-हवालदारांतील प्रमाणाहून बरेच अधिक आढळले. सियाचीनच्या बर्फावर शिपायाची संख्या अधिक आणि अपंगत्वाच्या यादीत अधिकाऱ्याचे प्रमाण अधिक, हे चित्र कोणालाही खटकेल. सप्टेंबर २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने नवे पात्रता नियम आणले, त्यांच्या मागे असा काही गैरफायदा रोखण्याचा हेतू असल्याचे सांगण्यात आले. हेतू मान्य केला तरी उपायाचा नेम चुकलेला दिसतो. इंग्रजी सफाईने लिहिणारा, राजधानीत ओळखी असलेला अधिकारी नव्या नियमांतूनही वाट काढील. कडक मोजमापाचा फटका बसतो तो देवळी, आर्वी, कारंजा अशा तालुक्यांतील शिपायाला, कारण आपले मोजमाप कसे झाले हेच त्याला ठाऊक नसते. थोडेजण अधिक घेतात म्हणून पुष्कळांना कमी द्यावयाचे, हा न्याय सरकारी कचेऱ्यांना नेहमीच सोयीचा वाटत आला आहे.

या साऱ्यात प्रत्यक्ष पैसा किती गुंतलेला असतो? सहाव्या वेतन आयोगानंतर शंभर टक्के अपंगत्वाला अखेरच्या वेतनाच्या तीस टक्के असा अपंगत्वाचा घटक ठरला आणि कमी अपंगत्वाला त्याच प्रमाणात कमी. अखेरचे वेतन तीस हजार असलेल्या जवानाचे अपंगत्व वीस टक्के ठरले, तर हा घटक महिना अठराशे रुपये होतो. १९९६ पासून लागू झालेल्या सवलतीनुसार पन्नास टक्क्यांपर्यंतचे अपंगत्व पन्नास टक्के धरावयाचे असते. तसे धरले तर तो साडेचार हजारांवर जातो आणि त्यावर महागाईभत्ता मिळतो. ही सवलत केवळ मुदतीपूर्वी घरी पाठविलेल्यांनाच आहे, पूर्ण मुदत भरून निवृत्त झालेल्या अपंग जवानाला नाही, असा हट्ट सरकारने कित्येक वर्षे धरला होता. १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो मोडून काढला आणि सरकारची अशी शेकडो अपिले एकाच वेळी फेटाळली. महिना साडेचार हजार ही रक्कम सचिवालयाच्या टेबलावर क्षुल्लक असेल. कोरडवाहू कापसाच्या जिल्ह्यात, जेथे एका पावसाच्या खंडाने वर्षाचे गणित कोसळते, तेथे दरमहा न चुकता येणारे साडेचार हजार म्हणजे मुलीच्या वसतिगृहाची फी असते, म्हाताऱ्याचे औषध असते.

ही रक्कम नाकारली गेली, तर दाद मागण्याची शिडी बरीच उंच आहे. नकाराचे पत्र हाती पडल्यापासून सहा महिन्यांत पहिले अपील सैन्याच्या मुख्यालयातील समितीकडे करावयाचे. ते फेटाळले गेल्यास पुन्हा सहा महिन्यांत दुसरे अपील वरच्या समितीकडे. तेही फेटाळले, अथवा त्याचे उत्तरच आले नाही, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे अर्ज. या सर्व कागदांचा प्रवास पाहिला म्हणजे शिडीची उंची अधिक कळते. पुलगावच्या डिफेन्स सिक्युरिटी कोअरच्या जवानाचे अभिलेख केरळात कण्णूरला. महार रेजिमेंटच्या जवानाचे मध्य प्रदेशात सागरला, सिग्नलवाल्याचे जबलपूरला, तोफखान्यातील जवानाचे नाशिक रोडला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानाचे बेळगावला. निवृत्तिवेतन मंजूर करणारे कार्यालय प्रयागराजला, अपील समित्या दिल्लीला, न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईला. वर्धा ते मुंबई हे रेल्वेचे अंतरच साडेसातशे किलोमीटर भरते. अलीकडे 'स्पर्श' या संगणकीय व्यवस्थेने निवृत्तिवेतनाचे हप्ते आणि हयातीचे दाखले घरबसल्या होऊ लागले, ही सुधारणा खरीच. पण संगणकाच्या पडद्यावर 'नाना'चा शेरा वाचता आला, म्हणून तो खोडण्याची युक्ती पडद्यावर मिळत नाही.

न्यायाधिकरण स्थापन व्हावयासही आपल्याकडे फार उशीर लागला. ब्रिटनने दुसरे महायुद्ध चालू असतानाच, १९४३ मध्ये, कायदा करून सैनिकांच्या निवृत्तिवेतनाच्या अपिलांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे नेमली. शंकेचा फायदा किती आणि कसा द्यावयाचा, यावर न्यायमूर्ती डेनिंग यांनी १९४७ साली केलेले विवेचन आजही जगभरच्या न्यायालयांत उद्धृत होते. ते एका मृत सैनिकाच्या कर्करोगाच्या प्रकरणातलेच आहे. त्याच महायुद्धात ब्रिटिश झेंड्याखाली लढलेल्या हिंदी शिपायाच्या वारसांना तशा न्यायाधिकरणासाठी स्वतंत्र देशात सहा दशकांहून अधिक काळ थांबावे लागले. विधी आयोगाने १९९९ साली शिफारस केली, २००७ साली कायदा झाला आणि ऑगस्ट २००९ मध्ये न्यायाधिकरण प्रत्यक्ष बसले. मध्यंतरी २०१५ च्या एका निर्णयाने न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्याची वाट जवळजवळ बंद झाली होती. मार्च २०२३ मध्ये परशोत्तम दास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा मोकळी केली. वर्ध्याच्या माणसाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, प्रकरण मुंबईत हरले तरी दिल्ली गाठण्याआधी नागपूरचे खंडपीठ आहे आणि तेथे सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येते. पण तोच दरवाजा सरकारलाही उघडा झाला आहे आणि जवान जिंकल्यावर त्या दरवाजाने आत शिरण्यात सरकार कसूर करीत नाही.

या शिडीवर उशिरा चढणाऱ्याचे काय होते, हा या विषयातील सर्वांत कडू भाग आहे. तरसेम सिंग यांना १९८३ साली वैद्यकीय कारणाने सैन्यातून कमी करण्यात आले आणि ते उच्च न्यायालयात गेले सुमारे सोळा वर्षांनी. सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट २००८ रोजी निकाल देताना म्हटले की, निवृत्तिवेतन न मिळणे हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय आहे, म्हणून केवळ विलंबामुळे मागणी बाद होत नाही. तथापि थकबाकी अर्ज करण्यापूर्वीच्या तीन वर्षांचीच मिळेल. पुढे अनेक वर्षे हीच मर्यादा असंख्य प्रकरणांत लावली गेली. तिची व्याप्ती किती, यावर न्यायालयांत वाद झाले आहेत. पण ती जेथे लागली, तेथे तीस वर्षे गप्प बसलेल्या माणसाने तीनशे साठ महिन्यांपैकी तीनशे चोवीस महिन्यांवर पाणी सोडले. तो गप्प का बसला? कारण त्याच्या हाती पडलेले पत्र इंग्रजीत होते. कारण अपील करता येते, हे गावात कोणालाच ठाऊक नव्हते. कारण ज्याला स्वतःचे नाव घेता येत नाही अशा अवस्थेत घरी आलेला मुलगा आईबापांनी आधी दवाखान्यात, मग देवस्थानात नेला आणि कागद ट्रंकेच्या तळाशी गेले. मर्यादेचा कायदा जागरूक माणसासाठी असतो, असे वकील सांगतात. अपस्माराचा किंवा मानसिक रोगाचा रुग्ण जागरूक राहिला नाही, हा त्याचा अपराध कसा?

जे जागे राहतात, त्यांचीही कसोटी सोपी नसते. ऑपरेशन मेघदूतमध्ये सियाचीनवर राहिलेल्या बिजेंदर सिंग यांना फेफऱ्यामुळे १९८९ साली घरी पाठविण्यात आले. अपंगत्व वीस टक्क्यांहून कमी दाखविले, म्हणून निवृत्तिवेतन नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला तो २२ एप्रिल २०२५ रोजी. मधल्या छत्तीस वर्षांत त्यांच्याबरोबर भरती झालेले जवान आजोबा झाले असतील. न्यायालयाने या निकालात जुनेच तत्त्व पुन्हा सांगितले. ज्या रोगामुळे सैन्याने माणसाला घरी पाठविले, तो रोग वीस टक्क्यांहून कमी आहे असे त्याच सैन्याने म्हणू नये. माणूस नोकरीला निरुपयोगी ठरण्याइतका आजारी आहे, पण निवृत्तिवेतन देण्याइतका आजारी नाही, असा हा कारभार होता.

येथे सरकार नावाच्या पक्षकाराविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ साली त्यांनी खटले आणि तक्रारी कमी करण्यासाठी तज्ज्ञांची एक समिती नेमली. तिच्यात निवृत्त सेनाधिकारी होते, कारगिलमध्ये पाय गमावलेला एक मेजर होता, या विषयाचा जाणकार वकील होता. अपंग सैनिकांविरुद्ध सरकारने चालविलेल्या अपिलांच्या रिवाजावर या समितीने कडक शब्दांत टीका केली आणि निर्णय झालेल्या मुद्द्यांवर पुन्हा न्यायालयात जाऊ नये, असे सुचविले. काही काळ ती सूचना पाळली गेल्याचे भासले, पुढे गाडी पूर्वीच्या चाकोरीवर आली. ३ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारला पन्नास हजार रुपयांचा भुर्दंड बसविला तो अशाच एका प्रकरणात. जानेवारी २०१३ मध्ये नियंत्रणरेषेवर कडाक्याच्या थंडीत गस्त घालताना हृदय बंद पडून मरण पावलेल्या नायकाची ती विधवा. न्यायाधिकरणाने तिला वाढीव कुटुंब निवृत्तिवेतन मंजूर केले होते आणि सरकार तिला सर्वोच्च न्यायालयापर्यंत घेऊन आले. या महिलेला न्यायालयात ओढावयास नको होते, असे न्यायालयाने म्हटले. पन्नास हजारांचा दंड सरकारी तिजोरीतून गेला. अपील करावयाचे ठरविणाऱ्या अधिकाऱ्याच्या खिशाला त्याची झळ लागली असती, तर ही अपिले कधीच आटली असती. अपील न करण्याचा निर्णय घेणाऱ्याला लेखापरीक्षणात जाब द्यावा लागतो. अपील करून हरणाऱ्याला कोणीही काही विचारत नाही. दोष बऱ्याच अंशी या उलट्या हिशेबात आहे, कोणा एकाच्या क्रौर्यात नव्हे. मंत्रालयाला खरोखर सुधारणा हवी असेल, तर प्रत्येक अपिलावर ते करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव, त्याने वाचलेला पूर्वीचा निकाल आणि तो येथे का लागू नाही याचे कारण लेखी मागावे. निम्मी अपिले त्या कागदावरच थांबतील.

दिल्लीतले हे बदल केव्हा होतील ते होवोत. जिल्ह्याच्या ठिकाणी करण्यासारखे पुष्कळ आहे. वर्ध्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. शिष्यवृत्ती, मुलीच्या लग्नाचे अनुदान, ओळखपत्रे या कामांत ते गढलेले असते आणि अपिलाचा मसुदा करणे हे त्याचे नित्याचे काम मानले जात नाही. २६ जुलै २०२५ रोजी, कारगिल विजयदिनी, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सैनिकांच्या कुटुंबांसाठी 'वीर परिवार सहायता योजना' जाहीर केली. राज्य आणि जिल्हा सैनिक मंडळांच्या कचेऱ्यांतच विधी सेवा केंद्रे चालवावयाची, अशी तिची रचना आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अपंग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आधीपासूनच आहे. तो बजावण्यास आता एक टेबल मिळेल. हे टेबल आठवड्यातून एक दिवस पुलगावात आणि एक दिवस आर्वी-हिंगणघाटकडे फिरते ठेवावयास हवे, कारण अपंग माणसाला वर्ध्याची बससुद्धा जड जाते.

आणि अशा टेबलाशी वकिलाइतकीच गरज लिहिणाऱ्याची आहे. ते काम गावातील शिक्षक, तहसिलीतील कारकून, महाविद्यालयातील विद्यार्थी करू शकतो. अपिलाचा अर्धा विजय कागद मिळविण्यात असतो. वैद्यकीय मंडळाच्या कामकाजाची संपूर्ण प्रत रेकॉर्ड ऑफिसकडे लेखी मागावी. न मिळाल्यास २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा. प्रत आली की भरतीच्या वेळच्या तपासणीत रोगाची नोंद होती काय, हे प्रथम पाहावे. मग मंडळाने दिलेली कारणे वाचावीत; तेथे एकच ओळ असेल, तर तेच अपिलाचे पहिले कारण. त्यानंतर जवान कोणत्या वर्षी कोठे होता, याची यादी त्याच्या सेवापुस्तकावरून करावी आणि पहिली तक्रार, पहिला उपचार केव्हा झाला, ते तिच्याशेजारी लिहावे. युद्धक्षेत्रातील नोकरी निराळी दाखवावी. नकाराच्या पत्रावरील तारखेपासून सहा महिने मोजावेत. ते उलटून गेले असतील, तर विलंबाचे कारण दवाखान्याच्या चिठ्ठ्यांसह जोडावे आणि तरीही अपील पाठवावे, कारण थकबाकी मागे मोजली जाते ती अर्जाच्या तारखेपासून. पोचपावती सांभाळून ठेवावी. उत्तर आले नाही, तरी सहा महिन्यांनी न्यायाधिकरणाचा मार्ग मोकळा होतो आणि त्या वेळी एवढी एक पोचपावतीसुद्धा मोलाची ठरते.

वर्ध्यासारख्या जिल्ह्यात अशा किती ट्रंकांच्या तळाशी असे किती कागद असतील, याची मोजदाद जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने तालुकावार शिबिरे घेऊन करावी. 'नाना'चा शेरा पडलेले, वीस टक्क्यांहून कमी दाखवून परत पाठविलेले आणि वीस टक्के मंजूर होऊनही पन्नास टक्क्यांची सवलत न मिळालेले, अशा तीन याद्या कराव्यात. तिसऱ्या यादीतील माणसांना तर खटल्याचीही गरज पडू नये. त्यांचा हक्क २०१४ सालीच ठरून गेला आहे. उरला आहे तो त्यांच्या नावाने पाठवावयाचा एक अर्ज.